सेंटर स्पीकर

जबलपूरच्या मदन महल भागात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, मांसमच्छी खाता का हेसुद्धा विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एवढंच विचारलं, "टीव्ही आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"चित्र ताणून पाहता का?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला दारातच उभं ठेवून समजावून सांगितलं. सिनेमा असतो रुंद, टीव्ही असतो त्याहून कमी रुंद, म्हणून वरखाली काळे पट्टे येतात. जुना कार्यक्रम असतो चौकोनी, तो नव्या टीव्हीवर लावला की डाव्याउजव्या बाजूला पट्टे येतात. लोकांना वाटतं, पैसे पूर्ण टीव्हीचे दिले तर चित्रही पूर्ण टीव्हीभर पाहिजे. मग ते रिमोटचं बटण दाबून चित्र ताणतात.

"आडवं ताणलं की हिरॉईन हलवायाच्या घरची दिसते, अन् उभं ताणलं की हीरो बांबू. ज्याने सिनेमा काढला त्याने डोकं लावून फ्रेम ठरवली, अन् तुम्ही सोफ्यावर बसून तिचा सत्यानाश करून राहिले! याला आस्पेक्ट रेशो म्हणतात. माझ्या घरात रेशो बिघडलेला चालत नाही. वरच्या खोलीतसुद्धा नाही."

मी कधीच ताणत नाही, असं धडधडीत खोटं सांगितलं आणि मला खोली मिळाली. सामान लावून होत नाही तोच घरमालक, म्हणजे काका, वर आले, माझ्या टीव्हीचं सेटिंग उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता ते दुरुस्त केलं आणि जिना उतरून गेले.

रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी अकोल्याहून जबलपूरला आले होते. त्या घरात पुढे बरीच वर्षं राहिले. खाली काका आणि काकू, वर मी. त्यांचा मुलगा पुण्याला. काकांचं नाव इथे लिहीत नाही. तसंही ते कुणी घेत नसे, गल्लीतले हिंदीवालेही त्यांना 'काकाजी'च म्हणत. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, आणि तोही तपासणी विभागात. समोर आलेल्या मालात खोट शोधायची आणि सापडली की तो बाजूला काढायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावरही हात थांबेना. भाजीवाल्याची गवार, वर्तमानपत्रातलं शुद्धलेखन, माझ्या स्कूटीची चेन, सगळं तपासून व्हायचं. पण त्यांचा खरा जीव होता तो बैठकीतल्या डिस्क प्लेअरवर.

काकांविषयी बोलायला लागलं की मला आधी हसूच येतं, आणि ते थोडा वेळच टिकतं. कारण ज्या वर्षांत ते त्या प्लेअरचा आवाज सुधारत बसले होते, त्याच वर्षांत काकूंचे कान जात होते. काकूंना ऐकू येत नव्हतं आणि काकांना वाटत होतं, मशीनमध्येच कुठेतरी बिघाड आहे. या माणसाला त्यातलं सगळं कळत होतं म्हणूनच हे असं झालं, असं मला आजही वाटतं. काही न कळणारा नवरा असता तर बायकोला सरळ डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

तर तो प्लेअर. त्याच्या मागून इतक्या वायरी निघत की झाडू मारणाऱ्या बाईला त्या भिंतीकडे जायची परवानगी नव्हती. पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरींना काका 'बालवाडी' म्हणत. त्या पिवळ्या एका वायरीतून सगळं चित्र कोंबून पाठवायचं, म्हणजे रंग एकमेकांत मिसळणारच. त्याहून बरी हिरव्या, निळ्या, लाल वायरींची जोडणी, कारण तिथे चित्राचे तीन भाग तीन वाटांनी जातात. पुढे मुलाने पुण्याहून एकच चपटी वायर आणून दिली, जिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातं. तेव्हा काका दोन दिवस उदास होते. "इतकं सोपं झालं तर लोक शिकतील काय?" असं ते मला म्हणाले.

दर रविवारी दुपारी बैठकीत सिनेमा असायचा. गल्लीतली चारपाच घरं यायची. समोरचे तिवारीजी आणि त्यांची मिसेस तर कधी चुकायचे नाहीत. काकू समोसे करायच्या. पण सिनेमा लगेच सुरू होत नसे. आधी काका टीव्हीशेजारी उभे राहून पंधराएक मिनिटं एखादा शब्द समजावून सांगत. एका रविवारी विषय होता इंटरलेस्ड आणि प्रोग्रेसिव्ह. एका पद्धतीत चित्राच्या आधी विषम ओळी येतात, मग सम ओळी येतात, आपला डोळा त्या जोडून घेतो. दुसऱ्या पद्धतीत सगळ्या ओळी एकदम येतात, म्हणून धावणाऱ्या माणसाच्या कडा फाटत नाहीत.

"समझे, तिवारीजी?"

"समझ गए काकाजी. अब सारी लाइनें एक साथ चला दीजिए, समोसा ठंडा हो रहा है."

सिनेमाच्या मध्यात कुठेतरी चित्र क्षणभर अडखळायचं. डिस्कला आत दोन थर असतात, पहिला संपला की वाचणारा किरण दुसऱ्यावर जातो आणि तेवढा वेळ लागतो. तो क्षण जवळ आला की काका आधीच हात वर करून सांगत, "घबराइए मत, लेयर बदल रही है." नायक मरणाच्या दारात असला तरी सांगत. तिवारीजींच्या मिसेसना एकदा ऐन रडताना हसू फुटलं ते त्या हाताकडे बघूनच.

बसायच्या जागाही ठरलेल्या असत. समोर दोन स्पीकर, मागे दोन, मध्ये टीव्हीखाली एक, आणि कोपऱ्यात धमधम करणारा तो ठोकळा. या सगळ्यांचा आवाज जिथे बरोबर मिळतो अशी खोलीत एकच जागा असते, असं काकांचं म्हणणं. ती त्यांनी सुतळीने मोजून काढली होती. तिथे हात असलेली वेताची खुर्ची मांडलेली असे आणि तिच्यावर फक्त काकूंनी बसायचं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला बाजूच्या सोफ्यावर. एकदा मुलाचे सासरे आले, चांगले जाडजूड गृहस्थ, ते नेमके त्या खुर्चीत टेकले. काकांनी त्यांना हात धरून उठवलं.

"ही तिची जागा आहे. आवाज इथंच खरा येतो."

सगळ्या जबलपुरात आवाज ऐकायला सगळ्यात चांगली जागा एका बायकोला मिळाली होती, आणि तिला तिथे जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. त्या वेळी ते मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, किती जीव लावतो हा माणूस. तो लावतच होता, त्यात काही खोटं नव्हतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती हसण्यावरून. विनोदी सिनेमा असला की खोली एकदम हसायची आणि काकू किंचित मागाहून हसायच्या. आधी आमच्या तोंडांकडे बघायच्या, मग हसायच्या. हे काकांच्याही लक्षात आलं होतं. ते तपासणी विभागातलेच, त्यांच्या नजरेतून काय सुटणार! पण त्यांनी निदान वेगळं केलं. चित्र आणि आवाज यांचा मेळ कधीकधी सुटतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. त्यासाठी प्लेअरमध्ये आवाज पुढेमागे सरकवायची सोय असते. काकांनी ठरवलं की मधल्या खुर्चीपर्यंत आवाज उशिरा पोचतो. मग महिनाभर त्यांनी आवाज केसाएवढा सरकवायचा, काकूंना खुर्चीत बसवायचं, तोच तो विनोदी प्रसंग लावायचा आणि स्वतः टीव्हीशेजारी उभं राहून काकूंचं तोंड बघायचं, असं चालवलं. मी जिन्यात चपला घालता घालता हे पाहायची.

"आता? आता बरोबर आलं?"

"हो, आता बरं वाटून राहिलं," काकू म्हणायच्या.

तोच प्रसंग इतक्यांदा पाहिल्यावर कुठे हसायचं ते त्यांना पाठ झालं होतं. त्या वेळेवर हसल्या. काकांनी खूश होऊन संध्याकाळी जिलबी आणली.

दुसरी गोष्ट डबिंगची. दुसऱ्या भाषेतल्या सिनेमावर हिंदी आवाज चढवलेला असला की काकू पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि चहा टाकायच्या. काका अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, "पाहा, डबिंग तिला सोसतच नाही. अस्सल कान आहे तिचा. ओठ वेगळे अन् शब्द वेगळे, की उठलीच." ओठ वेगळे म्हणूनच त्या उठायच्या. त्या ओठांवरून वाचत होत्या, आणि ओठ दगा द्यायला लागले की त्यांच्यासाठी सिनेमा संपायचा.

हे मला त्यांनीच सांगितलं. एकदा मी खाली विरजण मागायला गेले होते. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या आणि कुकरच्या शिट्टीकडे टक लावून बघत होत्या. शिट्टी वर उचलली गेली की एक बोट मिटायच्या. मी मागून दोनतीन हाका मारल्या. शेवटी खांद्याला हात लावला तशा त्या इतक्या दचकल्या की हातातलं फडकं पडलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की मला कळलं. त्यांनी मला पाटावर बसवलं.

"काकू, कधीपासून?"

"होऊन राहिलं हळूहळू. पहिले फोनवरचं जायला लागलं, मग मागून बोललेलं."

"काकांना काहून सांगत नाही?" अकोल्याचं 'काहून' त्या घरात राहून पुन्हा माझ्या तोंडी आलं होतं.

"सांगितलं ना! पहिल्यांदा म्हटलं, मला डायलॉग नीट ऐकू येत नाही. तर म्हणे डायलॉग मधल्या स्पीकरातून येतात, आपल्याकडे तो नाही. घेऊन आले. काही दिवसांनी पुन्हा म्हटलं, तर मागचे दोन घेऊन आले. मग म्हणणंच सोडलं. घरात जागा तर पाहिजे ना, बाई."

आम्ही दोघी हसलो. मग त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "किती खूश असतात ते, तू पाहतेस ना. कारखाना सुटल्यावर माणूस नुसता बसून राहायचा. आता निदान रविवारची वाट पाहतात. अन् मी काय सांगू, की तुमचं हे सगळं माझ्यासाठी मुकं आहे?"

मला मात्र राहवलं नाही. त्याच आठवड्यात काका अंगणात बसले होते तेव्हा मी सरळ सांगितलं की काकूंना कमी ऐकू येतं, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवू या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मलाच समोरच्या खुर्चीत बसवलं.

"बेटा, तू पाहून राहिली ते बरोबर, पण कारण वेगळं आहे. सिनेमात सहा वाटांचा आवाज भरलेला असतो. आपल्याकडे स्पीकर सहा असले तरी हा प्लेअर त्या सहा वाटा आधी दोनात ओततो, त्याला डाउनमिक्स म्हणतात. ते ओतताना बोलणं दबतं अन् गाणी, मारामारी वर येते. सगळ्या देशात हीच तक्रार आहे, संगीत मोठं अन् डायलॉग बारीक. मग बायका म्हणतात ऐकू येत नाही. कानाला काही झालेलं नसतं."

"पण काका, सिनेमा नसतानाही..."

"आमच्या कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होत होती. या घरात कुणाला बहिरं व्हायचा हक्क असेल तर तो मला आहे. माझे कान एकदम फर्स्ट क्लास. तिने तर आयुष्यात फटाकासुद्धा जवळून वाजवला नाही!" असं म्हणून ते हसले आणि आत जाऊन त्यांनी मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं सेटिंग चालू केलं. त्या रविवारी विषयही तोच होता, डायनॅमिक रेंज.

या माणसाचा मला राग यायचा, पण तो फार वेळ धरून ठेवता यायचा नाही. मला ताप आला तेव्हा दोन्ही वेळचं जेवण वर घेऊन आले, आणि ताटाबरोबर एक डिस्कही. "पडून पडून कंटाळशील. यात पट्टे राहू दे, झूम करू नको." अंगात एवढा ताप असताना मी काळ्या पट्ट्यांसकट सिनेमा पाहिला.

त्या दोघांचं मी एकच भांडण पाहिलं, तेही झूमवरून. रविवार होता, खोली भरलेली. पडद्यावर आई आणि मुलगा बोलत होते, पण फार रुंद सिनेमा होता, त्यामुळे पट्टे मोठे आणि चेहरे लहान. काकूंनी शांतपणे खुर्चीच्या हातावरचा रिमोट उचलला आणि बटण दाबलं. पट्टे गेले, चेहरे मोठे झाले, आईचं अर्धं कपाळ आणि मुलाचा एक खांदा कापला गेला.

"हे काय करून राहिली?" काका उभे राहिले.

"चेहरे मोठे दिसतात."

"अगं पण फ्रेम कापली तू! माझ्याच घरात? इतक्या वर्षांत एवढं एक तुला समजलं नाही?"

काकूंनी रिमोट घट्ट धरला होता. "मला असंच पाहायचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांना एवढ्या ठामपणे बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. काकांनी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि पट्टे परत आणले. काकू बसून राहिल्या, पण उरलेला सिनेमाभर त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिल्या. तिवारीजींच्या मिसेसनी जाताना त्यांचा हात दाबला. मोठ्या चेहऱ्यांवरचे ओठ त्यांना वाचता येत होते, लहान चेहऱ्यांवरचे नाही, एवढीच ती गोष्ट होती. काका ज्या एका नियमावर अडून बसले, त्याच नियमाने काकूंचा उरलेला सिनेमाही नेला.

पुण्याचा नातू बोलायला लागला त्या वर्षी फोन आला की काकू तो कानाला लावून हसायच्या. "आजी, मी वाघ आहे," तो ओरडायचा, मला वरच्या पायरीवर ऐकू यायचं. काकू म्हणायच्या, "हो हो राजा, जेवण झालं का?" मग फोन काकांच्या हातात द्यायच्या. काका म्हणायचे, या मोबाइलचा स्पीकर भिकार आहे, नवा घेऊ. नवा आला. नातू त्याही फोनवर वाघच होता आणि काकूंनी पुन्हा जेवण झालं का हेच विचारलं.

हे सगळं फुटलं ते ग्वारीघाटावर. काकूंचा वाढदिवस होता म्हणून आम्ही तिघं संध्याकाळी नर्मदेवर गेलो. नाव ठरवली. पाणी अगदी शांत होतं, वाराही नव्हता. पलीकडच्या गुरुद्वाऱ्याचे दिवे लागले होते. काकूंना द्रोणातला दिवा सोडायचा होता, म्हणून त्या नावेच्या टोकाला उठून उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे.

"अम्मा, बैठ जाइए! नाव डोल रही है," नावाडी म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग ओरडला, तसे बाजूच्या नावेतले लोक वळून बघायला लागले.

काकू वळल्या नाहीत. त्या पाण्याकडे बघत होत्या. काका सरकत सरकत त्यांच्या मागे गेले, कंबरेला धरून त्यांना खाली बसवलं आणि तसेच त्यांच्या पाठीमागे बसून राहिले. "अगं," त्यांनी हळूच हाक मारली. मग आमच्यासमोर त्यांचं नाव घेऊन हाक मारली. मी त्या घरात इतकी वर्षं राहून ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी ओंजळीतला द्रोण पाण्यावर ठेवला. काकांनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यामागे नेले आणि जोरात टाळी वाजवली. नावाडी दचकला, मी दचकले. काकू द्रोण कुठे जातो ते बघत होत्या.

तिथे प्लेअर नव्हता, स्पीकर नव्हता, वायर नव्हती. काका मागे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलं होतंस."

"हो काका."

"अन् मी तुला डाउनमिक्स समजावलं." एवढं बोलून ते पाण्याकडे तोंड फिरवून बसले. काकू वळून आनंदाने म्हणाल्या, "गेला बघा दिवा, विझला नाही!" काकांनी मान हलवली.

कानाच्या डॉक्टरीणबाई नेपिअर टाउनला होत्या. त्यांनी काकूंना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि बाहेर आलेख काढला. तो काकांना वाचता येत होता. आडव्या रेघेवर सूर, जाड ते बारीक, अन् उभ्या रेघेवर आवाज. आलेख डावीकडे बरा होता आणि उजवीकडे जिना उतरावा तसा खाली गेला होता.

"ट्रेबल गेलं," काका पुटपुटले. "नुसतं बास राहिलं."

"कब से है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकांनी तोच प्रश्न काकूंकडे तोंड करून, ओठ नीट हलवून विचारला. तेवढं ते एका आठवड्यात शिकले होते.

काकू म्हणाल्या, "मधला स्पीकर आणला ना तुम्ही, त्याच्या पहिलेपासून."

काकांना हे हिंदीत सांगायला थोडा वेळ लागला.

"बहुत देर कर दी, काकाजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कान की मशीन से आवाज तो आ जाएगी. लेकिन दिमाग ने इतने साल ये शब्द सुने ही नहीं, तो वो भी पहचानना भूल जाता है. कुछ समझ में आएगा, कुछ नहीं. पहले ले आते तो बात और थी."

"कोई सेटिंग होगी ना उसमें?"

"सेटिंग हम करके देंगे. पर जो चला गया, वो अब लौटेगा नहीं."

घरी आल्यावर काकांनी माझ्याशी बोलायला म्हणून गेटाची कडी लावत लावत उशीर केला. "खमरियात मी असा माल पास केला असता तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं," ते म्हणाले. "इथं कुणी विचारलंच नाही. ती रोज समोर बसत होती, अन् मी तिच्याकडे पाठ करून वायरी तपासून राहिलो होतो." ते म्हणत होते ते खरंच होतं.

पुढे माझी बदली झाली, मी जबलपूर सोडलं. आता डिस्क कुणी विकत घेत नाही, माझ्या ओळखीच्यात तर प्लेअरही कुणाकडे उरलेला नाही. काका आणि काकू पुण्याला मुलाकडे असतात. दिवाळीला फोन करते तेव्हा काका बोलतात, काकूंचं काय चाललंय ते सांगतात, आणि मध्येच थांबून त्यांना काहीतरी पुन्हा सांगताना ऐकू येतात, सावकाश, एकेक शब्द तोडून. कधीकधी एकच वाक्य दोनदा सांगावं लागतं. त्यांचा आवाज चिडलेला नसतो. मला ते ऐकवत नाही. हे सगळं थोडं आधी झालं असतं, तर दोनदा सांगावं लागलं नसतं, एवढंच मनात येत राहतं.

पण काका म्हटलं की मला आठवतो तो कानाची मशीनं घरी आली तो दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. काकूंच्या दोन्ही कानांत ती बारीकशी मशीनं बसवून डॉक्टरीणबाईंचा माणूस गेला होता. मी मुद्दाम ऑफिसला उशिरा निघाले. काकू घरभर फिरत होत्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. भांड्यावर चमचा वाजवला. "हा पंखा इतका आवाज करते?" असं मला विचारलं. बांगड्या कानाशी नेऊन हलवल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

काका बैठकीत उभे होते. त्यांची बोलायची हिंमत होत नव्हती हे मला दिसत होतं. शेवटी काकू समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "माझा आवाज येऊन राहिला का?"

काकूंनी नेहमीसारखं त्यांच्या ओठांकडे पाहिलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले.

"पुन्हा बोला."

"मी म्हटलं, माझा आवाज येतो का तुला? कसा येतो?"

मग डोळे उघडून त्यांनी काकांच्या गालाला हात लावला. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती म्हातारा झाला तुमचा आवाज. मला कळलंच नाही. माझ्या मनात तर तुमचा जुनाच होता."

काका मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. काकू त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, डोकं पुढे करून, ऐकायला.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "काहीही बोला. ते तुमचं रेशोचं बोला."

काकांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. काकू वाट बघत बसल्या होत्या, पण त्या सकाळी त्यांना एक शब्द फुटेना.